घरांच्या देखभाल-दुरुस्तीचे नियम (शिरूर व दौंड तालुके)

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांत राहत्या घराची देखभाल आणि दुरुस्ती यांविषयी घरमालकावर असलेली कायदेशीर बंधने एका कायद्यात एकत्र आढळत नाहीत. नगरपालिका, ग्रामपंचायत, नगररचना, भाडेनियंत्रण, सुविधाधिकार, सहकार आणि दंडविधान अशा निरनिराळ्या कायद्यांत ती विखुरलेली आहेत. एखाद्या घराला त्यांपैकी कोणती लागू होतात, हे घर कोणाच्या हद्दीत उभे आहे यावर ठरते. घर देखणे राखावे अशी सक्ती कायदा सहसा करीत नाही. घर कोणाच्या अंगावर पडू नये, त्याचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरू नये आणि त्याची ओसरी सार्वजनिक रस्त्यावर सरकू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी झाली नाही तर जबाबदारी प्रथम मालकावर आणि काही प्रसंगी भोगवटादारावर येते.

प्रदेश आणि घरांचे प्रकार

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वार्षिक पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे मावळ किंवा मुळशीप्रमाणे येथे तीव्र उताराची कौलारू छपरे सार्वत्रिक झाली नाहीत. जुन्या गावठाणांतील घर बहुधा माळवदाचे असते. दगड-मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि किलच, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा चोपलेला थर, अशी त्याची रचना असते. घराचे आकारमान चौरस फुटांत न सांगता खणांत सांगण्याची पद्धत जुन्या पिढीत अजून आहे.

माळवदाची देखभाल हे मृग नक्षत्रापूर्वीचे ठरलेले काम असे. छपरावर उगवलेले गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या, खारी पांढरी माती पसरून धुमसाने चोपायची, उतार पन्हाळीकडे राखायचा आणि पन्हाळी मोकळ्या करायच्या. यात एक धोका दडलेला होता. दर वर्षी नवी माती पडे, पण जुनी काढली जात नसे. काही पिढ्यांनंतर छपराचा भार मूळ तुळयांना पेलण्यापलीकडे जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या, सांधेबंध नसलेल्या दगडी भिंती हे त्या हानीचे एक मुख्य कारण ठरले. त्यानंतर सुचविण्यात आलेल्या उपायांत छपरावरील मातीचा थर कमी करणे, भिंतींत आरपार जाणारे बांधदगड बसविणे आणि खांब-तुळयांचे सांधे तिरप्या आधारांनी पक्के करणे यांचा समावेश होता. हे तिन्ही उपाय शिरूर-दौंडच्या माळवदी घरांनाही लागू पडतात.

भीमा व घोड या नद्यांच्या काठची खोल काळी जमीन हा दुसरा प्रश्न आहे. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर भिंतींना दरवर्षी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या तिरप्या भेगा पडतात. भेगांत नुसते सिमेंट भरून हा दोष जात नाही. जोत्याभोवती फरसबंदी करून पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेणे हा अधिक उपयोगी उपाय होय. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. असा गिलावा भिंतीतील ओल आत कोंडतो. बाहेरून भिंत नवी दिसते, आतून मऊ होते, आणि मोठ्या पावसात पोपडा भिंतीसह सुटतो. ज्या घरांवर अशा रीतीने खर्च झालेला असतो, तीच कधी कधी आधी ढासळतात. हे अनेक मालकांना पटत नाही.

गावठाणाबाहेरच्या वस्त्यांवर आता पत्र्याची आणि काँक्रीटच्या छताची घरे अधिक आहेत. रांजणगाव गणपती व कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रांमुळे शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आणि बहुमजली इमारतीही उभ्या राहिल्या आहेत.

हद्दी आणि प्राधिकरणे

शिरूर हे गाव घोड नदीकाठी असल्याने घोडनदी या नावानेही ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेली तुकडी तेथूनच निघाली होती. दौंडची वाढ लोहमार्गामुळे झाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते मोठे जंक्शन बनले. दोन्ही शहरांत आज नगरपरिषदा आहेत आणि त्यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. घरांच्या बाबतीत अंमलबजावणीचा अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे असतो.

शहराबाहेर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (१९५९ चा अधिनियम क्रमांक ३, पूर्वीचे नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८) लागू आहे. त्याच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायत हद्दीत पूर्वपरवानगीवाचून इमारत उभारता किंवा पुन्हा उभारता येत नाही. कलम ५३ सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अतिक्रमणांविषयी आहे. ग्रामपंचायतीने अतिक्रमण काढले नाही तर जिल्हाधिकारी ते काढवू शकतात.

यावर आणखी एक थर आहे. मार्च २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात दोन्ही तालुक्यांचा काही भाग येतो, उरलेला भाग येत नाही. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांत बांधकाम परवानगीचे दार वेगवेगळे असू शकते. अधिसूचित औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण असते. दौंड शहरातील विस्तीर्ण रेल्वे वसाहतीची देखभाल रेल्वे प्रशासन करते. संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे संघराज्याच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. म्हणून एकाच रस्त्याच्या एका बाजूच्या घरांना करबिल येते आणि समोरच्या क्वार्टरना येत नाही, असे दृश्य तेथे दिसते.

घर कोणाचे: अभिलेख

देखभालीच्या बहुतेक वादांत पहिला प्रश्न भिंतीचा नसतो, नोटीस कोणाला द्यायची हा असतो. गावठाणातील अनेक घरे आजोबा-पणजोबांच्या नावावर राहिलेली आहेत. वारस पुण्याला, मुंबईला किंवा आणखी दूर गेलेले असतात. एक चुलतभाऊ पुढच्या दोन खणांत राहतो आणि मागची पडवी कोणाचीच नसल्यासारखी ढासळत जाते. खर्च कोणी करावा हे ठरत नाही, कारण हिस्से ठरलेले नसतात.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणी नोंदवहीचा उतारा असतो. त्यात मालकाचे व भोगवटादाराचे नाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ आणि कर यांची नोंद असते. महसूल खात्याचा ८-अ हा उतारा यापेक्षा अगदी निराळा आहे. तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो आणि तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कार्यालयातून मिळतो. नावांतील साम्यामुळे दोहोंची गल्लत नेहमी होते आणि अर्जदाराला हेलपाटे पडतात. नमुना ८ मुख्यतः करवसुलीसाठी असतो. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही. नगर भूमापन झालेल्या भागात मालकीसाठी मिळकत पत्रिका पाहिली जाते आणि ती भूमी अभिलेख खात्याकडे असते.

बहुसंख्य गावठाणांचे घरवार मोजमाप पूर्वी झालेलेच नव्हते. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा पथदर्शी प्रयोग याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. मोजणी पूर्ण झालेल्या गावांत घरमालकाला सनद व मिळकत पत्रिका मिळते. ती मिळाली म्हणजे भाऊबंदकी मिटते असे नाही, परंतु भिंतीची हद्द कागदावर येते. मोजणीच्या वेळी मालकाने किंवा वारसाने जागेवर हजर राहणे आणि चुकीची नोंद दिसल्यास चौकशी अधिकाऱ्यापुढे वेळेत हरकत घेणे फार महत्त्वाचे आहे. नंतर तीच दुरुस्ती करून घेणे जिकिरीचे होते.

कर आणि दुरुस्ती यांचा संबंधही येथेच येतो. ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० यांत ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने बदल होऊन घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाऊ लागली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, वयानुसार घसारा आणि वापरानुसार भारांक यांवरून हे मूल्य काढतात. माती किंवा दगड-मातीच्या बांधकामाचा दर कमी असतो आणि काँक्रीटच्या बांधकामाचा अधिक. जुन्या घराला घसाऱ्याचा लाभ मिळतो. डागडुजीने यात फरक पडत नाही, पण मातीची भिंत पाडून पक्की बांधली की आकारणी बदलते. काही मालक या भीतीने नोंदच करीत नाहीत. पुढे विमा, कर्ज किंवा नुकसानभरपाईच्या वेळी कागदावर मातीचे घर आणि जागेवर पक्के घर अशी विसंगती त्यांच्याच अंगावर येते. नगरपरिषद क्षेत्रात करयोग्य मूल्याची चतुर्वार्षिक फेरआकारणी होते. तिच्यावर हरकत घेण्याची मुदत नोटिशीत दिलेली असते. थकीत करावर नगरपरिषदा दरमहा २ टक्के शास्ती आकारतात.

परवानगी केव्हा लागते

घराला हात लावला की परवानगी लागते, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ च्या परंतुकाप्रमाणे, केवळ इमारतीच्या आतील भागाशी संबंधित असलेल्या किंवा बाह्य स्वरूपात भरीव बदल न करणाऱ्या देखभाल व सुधारणेच्या कामांना विकास परवानगी आवश्यक नाही. एखाद्या प्राधिकरणाने कायद्यान्वये दिलेल्या आदेशाच्या पालनासाठी केलेले कामही त्याच परंतुकात येते. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, तुटलेली कौले किंवा पत्रे त्याच उंचीवर बदलणे, सडलेली दारे-खिडक्या बदलणे ही कामे सामान्यतः या सवलतीत बसतात.

परवानगीचा प्रश्न पुढील कामांत येतो: छपराची उंची वाढविणे, माळवद काढून काँक्रीटचे छत टाकणे, बाहेरची भिंत पाडून नव्या जागी घेणे, मजला चढविणे, सज्जा किंवा जिना रस्त्याकडे काढणे, शेजाऱ्याच्या बाजूला नवी खिडकी पाडणे. 'दुरुस्ती' या नावाखाली घर टप्प्याटप्प्याने नवे बांधण्याची युक्ती गावोगाव परिचित आहे. कायद्याच्या दृष्टीने ती पुनर्बांधणीच ठरते आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस येऊ शकते. नगरपरिषद हद्दीत १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १८९ प्रमाणे नवीन बांधकाम व भरीव फेरबदल यांची सूचना मुख्याधिकाऱ्यास द्यावी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान भूखंडांची वाट सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमांत बसणारे बांधकाम करताना विहित कागदपत्रे व शुल्क सादर केल्याची पोच पुरेशी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी १० दिवसांत परवानगीची तरतूद आहे. सवलत मिळाली म्हणून अंतर, उंची आणि चटईक्षेत्र यांचे नियम सुटत नाहीत. ते पाळल्याची जबाबदारी मालक व त्याचा परवानाधारक अभियंता यांच्यावर जाते.

धोकादायक घरे

देखभालीचा कायदा खऱ्या अर्थाने जागा होतो तो येथे. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १९५ प्रमाणे एखादी इमारत, भिंत किंवा तिला जोडलेली वस्तू मोडकळीस आली असेल, पडण्याचा संभव असेल, किंवा राहणाऱ्यांस वा जाणाऱ्या-येणाऱ्यांस धोकादायक असेल, तर मुख्याधिकारी मालकास अथवा भोगवटादारास ती पाडण्याची, सुरक्षित करण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस देतात. धोका तातडीचा असेल तर नगरपरिषद स्वतः उपाय करून खर्च वसूल करू शकते. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जून महिन्यांत, नगरपरिषदा अशा घरांची पाहणी करून यादी तयार करतात. नोटीस घरावर चिकटविली जाते आणि बहुधा तिथेच भिजून गळून पडते.

नागरी भागांतील धोकादायक इमारतींचे वर्गीकरण २०१५ च्या शासकीय निर्देशांपासून चार प्रकारांत केले जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडावयाची. सी-२अ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. महानगरपालिकांच्या कायद्यात ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते (महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २६५अ). लहान शहरांतही नगरपरिषदा नोटिशीत अशा तपासणीची मागणी करतात. मातीच्या माळवदी घराची तपासणी मात्र काँक्रीटच्या इमारतीसारखी करता येत नाही. तेथे तुळईचे भिंतीत बसलेले टोक कुजले आहे काय, खांबाच्या तळखड्याजवळ वाळवी आहे काय, भिंतीला पोट आले आहे काय आणि बाहेरचा व आतला दगडी पदर एकमेकांपासून सुटला आहे काय, हे पाहावे लागते. अनुभवी गवंडी हे हाताने ठोकून सांगतो. प्रमाणपत्रासाठी मात्र अभियंत्याची सहीच लागते.

गावांत परिस्थिती अधिक बिकट असते. ग्रामपंचायतीकडे स्वतःचा अभियंता नसतो. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) पत्र देतो आणि पुढे काही होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ मधील तरतूद अशा वेळी उपयोगी पडते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. पडण्याच्या बेतात असलेली व त्यामुळे शेजाऱ्यांना किंवा ये-जा करणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असलेली इमारत अथवा झाड हटविण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. हा आदेश मान्य नसेल तर संबंधिताला हजर राहून कारण दाखविता येते. शेजाऱ्याचा लेखी अर्ज, छायाचित्रे आणि ग्रामपंचायतीचा पंचनामा एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. ही वाट फारशी वापरली जात नाही. शेजाऱ्याविरुद्ध तहसील कचेरीत अर्ज देणे म्हणजे भांडण उकरणे असे गावात मानले जाते, आणि मग पावसाळ्याच्या एखाद्या रात्री भिंत आपला निर्णय स्वतःच देते.

इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना पुरेशी खबरदारी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली शिक्षा होऊ शकते. जीवितहानी झाल्यास निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे कलम लागू होऊ शकते. नोटीस मिळाल्याची पोच हाती असणे अशा खटल्यात मालकाच्या विरुद्ध जाते. म्हणून काही मालक नोटीस घेतच नाहीत. न घेतल्याने जबाबदारी टळत नाही, कारण दारावर चिकटवून पंचनामा केला की ती बजावली गेली असे धरले जाते.

भाडेकरू आणि मालक

दोन्ही शहरांच्या बाजारपेठांत जुने भाडेकरू असलेल्या इमारती आहेत. भाडे नाममात्र म्हणून मालक खर्च करीत नाही, आणि ताबा जाईल या भयाने भाडेकरू जागा सोडत नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या क्षेत्रांना लागू आहे तेथे कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. मासिक भाडे शंभर रुपये असेल तर वर्षाला तीनशे रुपये, म्हणजे पत्र्याचे दोन खिळे आणि गवंड्याचा चहा. तरतूद न्याय्य आहे, पण जुन्या भाड्यांपुढे ती लंगडी पडते.

जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नसल्यास न्यायालय मालकाला ताबा देऊ शकते आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला पुन्हा प्रवेश मिळण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे. स्थानिक प्राधिकरणाने पाडण्याचा आदेश दिल्यास तेही ताबा मागण्याचे एक कारण ठरते. त्यामुळे धोकादायक इमारतीची नोटीस हा भाडेकरू घालविण्याचा सोपा मार्ग झाला आहे, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. उलट, खरोखर पडायला आलेल्या घरात केवळ हक्क राहावा म्हणून मुलाबाळांसह राहणारेही असतात. घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील जागेचे मोजमाप, छायाचित्रे आणि भाडेपावत्या नोंदवून ठेवणे व नोटिशीला लेखी उत्तर देणे हा भाडेकरूचा पहिला बचाव होय. मालकाने विजेची किंवा पाण्याची जोडणी तोडून भाडेकरूला बाहेर काढणे बेकायदेशीर आहे.

सामाईक भिंत, वळचण आणि खिडकी

गावठाणात घरे एकमेकांस टेकून असतात. एक भिंत दोन्ही घरांच्या तुळया पेलते. अशी सामाईक भिंत एकाने आपल्या बाजूने उतरविली तर दुसऱ्याचे छप्पर उघडे पडते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे उजेड, हवा, आधार इत्यादींचा उपभोग उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड २० वर्षे घेतला असल्यास तो वहिवाटीचा हक्क बनतो. शासकीय जमिनीबाबत ही मुदत ३० वर्षांची आहे. वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या बोळात सोडण्याचा हक्कही असाच जुळू शकतो. पण जुन्या छपराचे पाणी सोडण्याचा हक्क असला तरी नव्या स्लॅबचे सगळे पाणी एका नळीतून त्याच बोळात ओतण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. वहिवाटीचा भार मनाला येईल तसा वाढविता येत नाही. भिंत उतरविण्यापूर्वी शेजाऱ्याला लेखी कळविणे, दोघांच्या समक्ष मोजमाप करणे आणि तुळयांना तात्पुरते टेकू देणे एवढे पाळले तर दिवाणी न्यायालयाची पायरी बहुधा चढावी लागत नाही.

नदीकाठची घरे

दौंड शहर भीमेच्या काठी आहे. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुढे दौंडच्या वर घोड येऊन मिळते. त्यामुळे दौंडमध्ये एक थेंबही पाऊस नसताना खडकवासला साखळीतील विसर्गाने नदी दुथडी भरते. पावसाळ्यात उजनी धरणाच्या बातमीसोबत 'दौंड येथील विसर्ग' हा क्युसेकचा आकडा रोज छापला जातो तो याच कारणाने.

जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखतो. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र समजला जातो. निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते. या पट्ट्यांतील जुन्या घरांच्या साध्या दुरुस्तीला पूररेषा आड येत नाही, पुनर्बांधणीला मात्र येते. म्हणून काठावरचे जुने घर वेळेवर दुरुस्त ठेवणे मालकाच्या दुहेरी हिताचे आहे. एकदा ते पडले तर त्याच जागी, त्याच पातळीवर पुन्हा उभे करण्याची परवानगी मिळेलच असे नाही.

गृहनिर्माण संस्था

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम सदस्यांकडून घेतली जाते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. औद्योगिक पट्ट्यातील इमारती तुलनेने नव्या आहेत. तेथील अडचण वेगळी आहे. संस्था नोंदवलेलीच नसते, विकासकाने हस्तांतर केलेले नसते आणि सदनिकाधारक महिन्याचा वर्गणीवजा खर्च तेवढा देतात. अशा इमारतीत निधी साठत नाही आणि पहिली मोठी गळती लागली की बैठका सुरू होतात.

सांडपाणी, कचरा आणि झाडे

घराचे सांडपाणी रस्त्यावर सोडणे ग्रामपंचायत व नगरपरिषद दोन्ही क्षेत्रांत कारवाईस पात्र आहे. गटार नसलेल्या वस्तीवर शोषखड्डा हा मान्य उपाय असला तरी काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नसल्याने तो मुरमापर्यंत खोल घ्यावा लागतो आणि भिंतीपासून दूर ठेवावा लागतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकले. दुरुस्तीतून निघालेला राडारोडा नदीपात्रात किंवा ओढ्यात टाकता येत नाही.

नगरपरिषद क्षेत्रात स्वतःच्या अंगणातील झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे हे बंधन आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. भिंतीत उगवलेला पिंपळ हा या प्रदेशातील घरमालकांचा नित्याचा शत्रू आहे. तो कोवळा असताना मुळासकट काढला तर भिंत वाचते. धार्मिक संकोचामुळे तो वाढू दिला जातो आणि काही वर्षांनी त्याची मुळे दगडी पदर फोडतात. तेव्हा झाड तोडण्याची परवानगी आणि धोकादायक भिंतीची नोटीस हे दोन्ही कागद एकाच घरात येऊन पडतात.